हुंड्याऐवजी बाहोन

पेत्रोनिलाचा बाप काच फुंकायचा. पुएब्ला शहरात नदीच्या अंगाला ज्या काचभट्ट्या होत्या, त्यांतल्या एकीवर मातेओ कामाला होता. दुपारचं जेवण घेऊन लहानगी पेत्रोनिला भट्टीवर जायची आणि बापाचं जेवण होईपर्यंत त्याची लोखंडी नळी मांडीवर घेऊन बसायची. मग मातेओ उरलीसुरली काच नळीच्या टोकाला लावून म्हणायचा, "फुंक, निला. पण घाई नको. घाई केलीस की काच रुसते." तिच्या बाटल्या कायम एका अंगाला कललेल्या निघत. पण दम असा लांब, की भट्टीवरची माणसं हातातलं काम ठेवून बघत राहायची.

"मातेओ, पोरीच्या छातीत भाता बसवून घेतलायस काय रे?"

निला चौदाची झाली आणि मातेओ तापानं गेला. घरात राहिल्या दोघी, ती आणि तिची आई गेर्त्रूदिस. त्या वेळी आमच्याकडे स्पेनच्या राजाचं राज्य होतं. नाव स्पॅनिश, रक्त स्पॅनिश आणि पेटीत मात्र काही नाही, अशा घरातल्या मुलीची मोठी पंचाईत व्हायची. लग्न करायचं तर हुंडा. मठात जाऊन माद्रे, म्हणजे नन, व्हायचं तरी हुंडाच. ख्रिस्ताची वधू व्हायला निघालेल्या मुलीलाही थैली पुढे केल्याशिवाय दार उघडत नसे. मग उरायचं ते कुणाच्या तरी घरी पडेल ते काम आणि त्या घरातल्या पुरुषांच्या नजरा.

गेर्त्रूदिसनं घराची पुढची खोली भाड्यानं दिली. भाडेकरू मिळाला हेरोनिमो मास्तर. पन्नाशीचा, बायको वारलेला, दिवसभर ओठ चाटत बसायची सवय असलेला. तो मोठ्या चर्चमध्ये बाहोन वाजवायचा. बाहोन म्हणजे लाकडाचं कमरेएवढ्या उंचीचं वाद्य. वरून पितळेची वाकडी नळी निघते, नळीच्या तोंडाला सनईला असते तशी वेताची दुहेरी जिभली. ती ओठात धरून फुंकलं की पोटातून आल्यासारखा खर्ज निघतो. गाणाऱ्यांच्या तळाशी हा खर्ज लागतोच. त्याच्यावाचून वरचे सूर कितीही गोड असले तरी अधांतरी राहतात.

एकदा मास्तर बाहोन खिडकीत वाळत ठेवून पाव आणायला गेला. निला झाडू मारत होती. तिनं इकडेतिकडे पाहिलं, जिभली ओठांत धरली आणि बापाच्या नळीत फुंकायची तशी फुंकली. पहिल्यांदा नुसतंच फुर्र झालं. दुसऱ्यांदा सूर लागला, एकच, खालचा, आणि तो संपेचना. मास्तर कोपऱ्यावरून पळत आला. दारात उभा राहिला. निलानं घाबरून वाद्य बाजूला केलं.

"थांबलीस कशाला?" मास्तर ओरडला. "कुणी सांगितलं थांबायला? दम संपला होता?"

"नाही."

"मग वाजव! संपेपर्यंत वाजव!"

त्याच दिवशी जेवताना त्यानं गेर्त्रूदिसपाशी विषय काढला. ती उखडलीच. "मास्तर, माझी मुलगी काय जत्रेत बसवायचीय? बाईच्या जातीनं ते ओंडक्याएवढं तोंडात धरायचं? गाल बघा स्वतःचे, बेडकासारखे झालेत!"

"माझे गाल बघू नका, बाई, माझं ऐका. सांता एदुविखेसच्या मठात बाहोन वाजवणारी म्हातारी माद्रे गेल्या पावसाळ्यात वारली. मठात पुरुष नाहीत. पुरुष नाहीत म्हणजे खर्ज नाही. सगळ्या बाया वरच्या पट्टीत चिवचिवतात आणि खाली काही नाही. बाहोन वाजवणारी मुलगी मिळाली तर ते तिला हुंड्यावाचून घेतील. घेतातच तसे."

गेर्त्रूदिसच्या हातातला चमचा खाली आला. "हुंड्यावाचून?"

"एक दमडी न घेता."

मग गेर्त्रूदिस मुलीकडे वळली. "तुझे गाल तसे मोठेच आहेत म्हणा," ती म्हणाली.

मास्तरनं निलाला तीन वर्षं शिकवलं. घरभाडं घ्यायचं गेर्त्रूदिसनं कधीच सोडून दिलं होतं. गल्लीनं मात्र सोसलं. समोरचा साबणवाला रोज सकाळी विचारायचा, "काय गेर्त्रूदिसबाई, व्याली का तुमची गाय?" निला लाजायची. मास्तर खिडकीतून ओरडायचा, "अजून नाही! व्याली की पहिलं दूध तुला पाठवतो!" बोटं कुठे ठेवायची, श्वास कुठे चोरायचा, गाणाऱ्याच्या मागे न रेंगाळता आणि पुढेही न पळता खाली कसं चालायचं, हे सगळं तो तिला समजावायचा. पण एक गोष्ट त्याला शिकवावी लागली नाही. घाई करू नये, हे ती बापाच्या भट्टीवरूनच शिकून आली होती.

परीक्षेच्या दिवशी निला मठाच्या जाळीबाहेर बसली. आत काळ्या बुरख्यांची रांग. बाहेर तिच्याशेजारच्या खुर्चीत पाद्री मेलचोर. बुटका, गोलमटोल, तपकिरीनं बोटं पिवळी झालेली. हा मूळचा जवळच्या आतलिस्को गावचा, आणि मठातल्या बायांसाठी गाणी रचायचं काम त्याच्याकडे होतं. आमच्या चर्चमधली कपाटं तेव्हा स्पेनमधल्या सेव्हियेहून आलेल्या संगीतानं भरलेली असत. भारी संगीत, मोठ्या नावाच्या माणसांनी रचलेलं. पाद्री मेलचोरला त्याबद्दल आदर होता, पण तो म्हणायचा, "सेव्हियेचं गाणं सेव्हियेच्या गळ्यांसाठी केलेलं. माझ्यापुढे ज्या बसल्यात त्यांच्या गळ्यासाठी कोण करणार? मलाच केलं पाहिजे." कोणती माद्रे कुठपर्यंत वर जाते, कुणाला कुठल्या अक्षरावर खोकला येतो, हे सगळं त्याला पाठ असायचं.

निलानं वाजवलं. संपल्यावर जाळीआडून मोठ्या माद्रेनं, म्हणजे मठाच्या प्रमुखानं, विचारलं, "पाद्रीबाबा, कशी वाटली?"

पाद्री मेलचोरनं तपकीर ओढली, शिंकला, डोळे पुसले. ते शिंकेनं भरले होते की आणखी कशानं, निलाला कळलं नाही. "माद्रे," तो म्हणाला, "इतकी वर्षं मी छप्पर बांधत होतो. आज जमीन मिळाली."

गेर्त्रूदिस घरी जाताना रस्ताभर रडली आणि हसली. हेरोनिमो मास्तरनं आपल्या दोन बाहोनांपैकी चांगलं निलाला दिलं. "मला आता थोडीच वर्षं वाजवायचंय," तो म्हणाला. "हे लाकूड तुझ्याजवळ जास्त जगेल."

मठातले पहिले दिवस सोपे नव्हते. तिथे घरंदाज मुली होत्या. त्यांच्या स्वतःच्या खोल्या, खोलीत स्वतःची चूल, हाताखाली मोलकरणी. निलाला तळमजल्यावर कोंबड्यांच्या अंगणाशेजारी एक कोनाडावजा खोली मिळाली. आणि एक नावही मिळालं. ते दिलं माद्रे सेराफिनानं. सेराफिना गव्हाच्या गिरण्यांच्या मालकाची मुलगी होती, निलापेक्षा दोनतीन वर्षांनी मोठी. तिचा आवाज असा की तो वर चढला की चर्चमधल्या मेणबत्त्यासुद्धा सरळ उभ्या राहतात असं लोक म्हणायचे. ती निलाला म्हणायची "फुकटी".

"माझ्या बापानं गिरणी विकली तेव्हा मला हा बुरखा मिळाला," ती सगळ्यांदेखत म्हणायची. "आणि ही बाई नुसती फुंकर मारून आत आली."

निला हसून म्हणायची, "माद्रे, तुमच्या बापाला फुंकर मारता आली असती तर गिरणी वाचली असती."

बाकीच्या तोंडावर बुरखा ओढून खुसखुसायच्या. सेराफिना पाय आपटत निघून जायची. पण प्रार्थनेच्या वेळी वरच्या सज्जात दोघींना शेजारीशेजारीच बसावं लागे, कारण सगळ्यात वरचा सूर आणि सगळ्यात खालचा सूर यांनी एकमेकांना ऐकलं पाहिजे, असा पाद्री मेलचोरचा हट्ट होता.

नाताळासाठी आमच्याकडे दरवर्षी नवी गाणी रचतात. त्यांत भक्ती असते तशी थट्टाही असते. मेंढपाळ भांडतात, कुणी अडाणी नाचतो, लोक चर्चमध्ये मोकळेपणी हसतात. निला मठात आली त्याच्या तिसऱ्या नाताळी पाद्री मेलचोर जाळीपाशी आला आणि कुजबुजला, "निला, बैल होशील का?"

"कुठला बैल?"

"गोठ्यातला. येशू जन्मला तेव्हा तिथे बैल होता ना? मेंढपाळ त्याला विचारतात, काय पाहिलंस रे? आणि बैल उत्तर देतो. शब्द नाहीत. तू."

नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्च गच्च भरलं होतं. खाली माणसं, वर जाळीआड मठातल्या बाया. कोवळ्या आवाजात प्रश्न आला, बैला, तू काय पाहिलंस? निलानं बाहोनमधून बैल हंबरतो तसा सूर काढला. शहाणा, संथ, जरासा झोपाळलेला. खाली एकदम हशा झाला. दुसरा प्रश्न आला, बाळ रडलं का? बैलानं विचार केला, मान हलवली असावी असा एक सूर काढला, आणि नाही म्हणाला. आता लोक पोट धरून हसत होते. मोठ्या माद्रेचा बुरखा गदगदत होता. मग तिसरा प्रश्न, बाळाला थंडी वाजत होती का? आणि त्या उत्तराला निलानं सूर असा हळू खाली नेला, की त्यातून ऊब आल्यासारखं वाटलं. चर्च शांत झालं. त्या शांततेत सेराफिनाचा आवाज वर उठला.

खाली गर्दीत गेर्त्रूदिस उभी होती. शेजारच्या अनोळखी बाईच्या दंडाला धरून ती म्हणाली, "तो बैल आहे ना, ती माझी मुलगी आहे." बाई दोन पावलं बाजूला सरकली, पण गेर्त्रूदिसला त्याचं काही वाटलं नाही. मरेपर्यंत ती हे सांगत राहिली.

सज्जातून उतरताना सेराफिना निलाच्या पुढे होती. वळून न बघताच म्हणाली, "बैल बरा होता."

त्यानंतर तिनं "फुकटी" म्हणणं सोडलं नाही, पण त्यातला काटा गेला. सणावाराला निलाच्या दाराशी झाकलेली थाळी यायला लागली. कधी मोलेचा दाट तिखट रस्सा, कधी रताळ्याची वडी. कोण ठेवून जातं हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी विचारत नव्हतं. अशी वर्षं गेली. हेरोनिमो मास्तर गेला, मग गेर्त्रूदिस गेली. निलाचं वाजवणं पिकलं. बाहेरगावचे गायक आले की संध्याकाळच्या प्रार्थनेला मुद्दाम आमच्या मठात येऊन बसायचे, त्या खर्जासाठी.

निला चाळिशीत असताना भूकंप झाला. फार मोठा नव्हता. शहरात दोनचार कठडे पडले, घंटा आपोआप वाजल्या. पण तेव्हा सकाळचा सराव संपवून सगळ्या सज्जाच्या दगडी जिन्यावरून उतरत होत्या. जिना हलला. बाकीच्यांनी भिंत धरली. निलाच्या दोन्ही हातांत बाहोन होतं. तिनं भिंत धरली नाही. बाहोन छातीशी घट्ट धरलं आणि तशीच तोंडावर आपटली.

धूळ खाली बसल्यावर सेराफिना आधी तिच्याजवळ पोचली. बाहोनला ओरखडासुद्धा नव्हता. निलाच्या तोंडातून रक्त वाहत होतं आणि पुढचे चार दात जिन्यावर पडले होते.

"अगं वेडे!" सेराफिना तिचं डोकं मांडीवर घेत ओरडली. "लाकूड वाचवलंस आणि तोंड फोडून घेतलंस? लाकडाला काय, सुतार दुसरं करतो!"

निला काहीतरी म्हणाली. दात नसल्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

जखम भरली, पण पुढचे दात नाहीत म्हटल्यावर जिभली ओठांत ठरेना. हवा बाजूनं निसटायची. महिनाभर तिनं सगळे उपाय केले. मेण लावून पाहिलं, ओठ आत दुमडून पाहिले. निघायचा तो नुसता फुस्स आवाज. एक दिवस तिनं बाहोन पुसून पेटीत ठेवलं आणि मोठ्या माद्रेपुढे जाऊन उभी राहिली.

"माद्रे, मी इथे वाजवण्याच्या बोलीवर आले. आता वाजवता येत नाही. मला नोकरणींचा पांढरा बुरखा द्या आणि स्वयंपाकघरात पाठवा. भांडी घासायला दात लागत नाहीत."

मोठ्या माद्रेनं मठातल्या ज्येष्ठ बायांना बोलावलं. एकीदोघींना निलाचं म्हणणं बरोबर वाटत होतं. वाईट मनानं नाही. बोली ती बोली, असं त्यांचं म्हणणं. हिची जागा अडली तर नवी बाहोनवाली कशी घेणार? यावर सेराफिना उठली.

"नवी मिळाली तर जरूर घ्या. पण हिला चुलीपाशी धाडणार असाल तर मीही जाऊन चुलीपाशी बसते. मग नाताळला अंगणातल्या कोंबड्यांकडून गाऊन घ्या."

मोठ्या माद्रेनं तिला हातानं खाली बसवलं आणि निलाकडे पाहिलं. "पेत्रोनिला, आम्ही तुला घेतलं तेव्हा तुझे दात मोजून घेतले नव्हते. घोडी घेत नव्हतो आम्ही. जा, पाद्री मेलचोर बाहेर थांबलेत."

सेराफिनानं तिला ढकलत जाळीपर्यंत नेलं.

पाद्री मेलचोर तेव्हा म्हातारा झाला होता. काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून बसला होता. "सज्जाच्या कोपऱ्यात एक व्हियोलोन पडलंय," तो म्हणाला. "मोठं, चार तारांचं, गजानं वाजवायचं. तिथेही खर्ज आहे. ते काढ."

"बाबा, मी चाळीस ओलांडली. ही बोटं भोकांवर ठेवायला शिकलेली. तारेवर कुठे सूर आहे हे मला काय कळणार?"

"मग तारेवर बोट ठेवूच नकोस."

निलाला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण त्यानं काठी उभी धरली, दुसऱ्या हाताची बोटं गजासारखी तिच्यावरून फिरवली. "असा ओढ. सरळ. दम घेतेस तसा. मनगट ढिलं सोड. चार तारा, चार सूर. तेवढं महिन्याभरात येईल ना?"

"येईल. पण चार सुरांत काय वाजणार?"

"ते माझ्याकडे लागलं."

नाताळाला त्यानं जे गाणं आणलं ते पाळण्याचं होतं. वर दोन आवाज, मध्ये ऑर्गन आणि खाली व्हियोलोन. निलानं आपला कागद पाहिला आणि पुन्हा पाहिला. त्यात चारच सूर होते. एकाही ठिकाणी बोट दाबायचं नव्हतं. मोकळ्या तारा, एकामागून एक, पाळणा इकडून तिकडे जावा तशा. पण वरचे आवाज त्यांवर असे टेकत होते, की कुणाला वाटावं, या गाण्याला खाली दुसरं काही चालणारच नाही.

सेराफिनानं आपला भाग वाचून कपाळाला आठ्या घातल्या. "बाबांना झालंय काय? खर्ज जागचा हलतच नाही. म्हातारपणी हात आखडला की काय?" मग तिची नजर निलाच्या कागदावर गेली, तिच्या चेहऱ्यावर गेली. आपला कागद सरळ करत ती म्हणाली, "चल. पुन्हा पहिल्यापासून घेऊ. आणि गज एवढा आवळून धरू नकोस, कोंबडी मारत नाहीयेस."

त्या नाताळी पाळणा हलला. लोक हसले नाहीत, रडलेही नाहीत. काही बाया आपल्या कडेवरच्या मुलांना नकळत झोके देत होत्या, असं नंतर कुणीतरी सांगितलं.

पुढच्या वर्षीच्या गाण्यात पाचवा सूर आला. एका तारेवर एक बोट, तेही लांब थांबायचं, चुकलं तर सावरायला वेळ मिळेल असं. त्याच्या पुढच्या वर्षी दुसरं बोट. मग सुरांचा एक छोटासा जिना, सावकाश चढायचा. दरवर्षी निला जिथे पोचली होती त्याच्या एक पायरी वर गाणं असायचं, दोन पायऱ्या कधीच नाही. सराव आत मठात चालायचा, बाहेर म्हाताऱ्याला तो ऐकू येत नसे. तो फक्त दर पंधरवड्याला जाळीपाशी येऊन विचारायचा, "काय जमतं? काय अडतं?" आणि काठीवर टिचक्या मारत निघून जायचा.

सहासात वर्षांनी असं गाणं आलं ज्यात व्हियोलोन गायकांच्या बरोबरीनं पळत होतं. निलानं ते न अडखळता वाजवलं. त्यानंतर तो जाळीपाशी आला तेव्हा तिनं खूप दिवस मनात घोळवलेलं बोलायचं ठरवलं.

"बाबा, तुम्हाला हवं ते लिहिता आलं असतं. सगळं पुएब्ला ऐकतं तुमचं. एवढी वर्षं तुम्ही माझ्या बोटांच्या मापानं लिहीत बसलात. मी हे कसं फेडू?"

"फेडायचं काय त्यात?" म्हातारा खरंच चकित झाला. "बाळा, मला तरुणपणापासून सगळे सूर मोकळे होते. त्यानं मी आळशी झालो होतो. चार सुरांत गाणं बसवायचं म्हटल्यावर मला पुन्हा विचार करावा लागला. तो पाळणा माझ्या हातून झालेलं सगळ्यात बरं काम आहे. तुझे दात पडले नसते तर झालं नसतं." मग जीभ चावून म्हणाला, "म्हणजे, पडायला नको होते."

निला हसली. तोंडावर हात न धरता हसली, भूकंपानंतर पहिल्यांदा.

पाद्री मेलचोर दोन वर्षांनी गेला. मठातल्या बायांना बाहेर पडता येत नाही, म्हणून निलानं त्याला माती दिली नाही. पण रोज सकाळच्या प्रार्थनेत ती चार नावं घ्यायची: मातेओ, गेर्त्रूदिस, हेरोनिमो, मेलचोर. एकीनं विचारलं, "त्यांच्यासाठी काय मागतेस गं?" निला म्हणाली, "मागत नाही. नुसती आठवण करून देते, की ह्यांनी मला हे दिलं. देवाच्या लक्षात असेलच, पण सांगायला काय जातं."

निला साठीच्या आतबाहेर असताना मठानं तिला सज्जाची, म्हणजे सगळ्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची, प्रमुख केलं. हुंड्यावाचून आलेली बाई त्या जागी कधी बसली नव्हती. नावाला हरकत घ्यायची कुणाची तरी इच्छा होती म्हणतात, पण सेराफिना शेजारीच बसली होती, आणि तिनं नुसतं त्या बाईकडे पाहिलं.

त्याच सुमारास सेराफिनाचा आवाज चिरायला लागला. वरचे सूर एकेक करून गेले. एका सणाला भर प्रार्थनेत तिचा आवाज फुटला. ती मुकाट्यानं खाली उतरून गेली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, माद्रे सेराफिनाची प्रकृती बरी नाही, ती यापुढे सज्जात येणार नाही. दार बंद, मोलकरणीलाही आत घेत नव्हती. निला दाराशी जाऊन थाळी ठेवून आली. थाळी तशीच परत आली.

मग निलानं कधी न केलेली गोष्ट केली. कागद घेऊन बसली. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांचं वाजवलं होतं. रचायचं कसं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण सेराफिनाच्या गळ्यात आता काय उरलंय, हे तिला स्वतःच्या बोटांइतकं माहीत होतं. मधले पाचसहा सूर. ते मात्र पूर्वी कुणी ऐकलेच नव्हते, कारण सगळे कायम वरच्या सुरांकडे बघत राहिले होते. जाड, मधासारखे सूर. निलानं त्यांच्यावरच गाणं बांधलं. चुकलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. कित्येक आठवडे ती शाईनं माखलेल्या बोटांनी जेवली.

कागद घेऊन ती सेराफिनाच्या दाराशी गेली आणि दार उघडेपर्यंत ठोठावत राहिली.

सेराफिनानं दार उघडलं. डोळे सुजलेले, बुरखा वाकडा. कागद हातभर लांब धरून तिनं वाचला.

"हे काय? सगळं खालीच? मला वर जाता येत नाही असं वाटतं की काय तुला?"

"येत नाही."

सेराफिनानं तिच्याकडे रागानं पाहिलं. निला जागची हलली नाही. मग सेराफिनानं पुन्हा कागदात डोकं घातलं, ओठ हलवत.

"कुणी केलंय?"

"मी."

"वाटलंच. इथे हा सूर काही बरोबर नाही."

"कुठला?"

"हा. आणि हा पण. तुला गाणं येत नाही, निला, तू आपली खालचंच बघ." फुकटी न म्हणता नावानं हाक मारायची तिची ती पहिलीच वेळ. ती खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग उचलून बाजूला ठेवत म्हणाली, "बस इथे. आधी हे दुरुस्त करू. मग तुझं ते वाद्य घेऊन ये."

त्या दुपारी कोंबड्यांना दाणे टाकणाऱ्या मुलीनं वरच्या खिडकीतून दोन म्हाताऱ्या बायांचं भांडण ऐकलं, मग गाणं, मग पुन्हा भांडण. पुढची दहाबारा वर्षं सणावाराला मठात अशी गाणी होत राहिली, जी निला लिहायची आणि सेराफिना खोडायची. त्यांवर नाव कुणाचंच नसायचं.